पुन्हा एकदा चहाडी

प्रिय वैशे,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर. फोन केला असता, पण दादा इथेच मुक्कामाला आहे आणि त्याचे कान तुला ठाऊक आहेत.

दादाची चिमी दात शिवशिवतात म्हणून माझ्या दवाखान्यात आली होती. तोंडात आरसा घातला आणि वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू दिसली. एनॅमल झिजून पातळ, गुळगुळीत झालेलं. आतून असं होतं ते पोटातून वर येणाऱ्या आम्लाने. मग हात पाहिला, तर बोटांच्या सांध्यांवर घट्टे. कानाखाली दोन्हीकडे सूज, जिला वहिनी गेले कित्येक महिने ‘अंगाला लागलंय हो’ म्हणतेय. असिस्टंटला चहा आणायला पिटाळलं आणि विचारलं. सगळं बोलली. खा-खा खायचं आणि मग घशात बोटं घालून ओकायचं, म्हणजे बुलिमिया. सगळं म्हणजे ‘ते’सुद्धा. दादाचा तो जिवलग तिला रात्री हॉस्टेलवर सोडायला गेला होता, तेव्हाचं.

आता कळलं ना, तुलाच का लिहितेय?

त्याच दिवशी रक्त तपासलं. पोटॅशियम २.९. साडेतीनच्या खाली जाऊ नये, गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एवढंच दादाला सांगितलं, तेही चिमीला विचारून. ॲडमिट केलं, ईसीजी काढला, सलाइन लावलं. म्हणजे पुन्हा मीच चहाडखोर! तेव्हा तुझ्यासाठी हॉस्टेलच्या मॅट्रनकडे गेले म्हणून तू अख्खी टर्म अबोला धरलास आणि माझा स्टोव्ह दाबून ठेवलास. आजही माझं म्हणणं तेच आहे. तू जिन्यात चक्कर येऊन पडत होतीस, मी जाणारच होते. (स्टोव्ह अजून तुझ्याकडेच आहे.)

पण मॅट्रनने काय केलं? तुला ऑफिसात बसवून दोन वेळा जेवायला घातलं आणि प्रकरण मिटलं म्हणाली. तू जेवायला लागलीस, आणि मग रात्री झोपेतून किंचाळत उठायला लागलीस. आम्हाला वाटलं, हे नवीनच काहीतरी. चिमीच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी परवा नेमकं हेच समजावलं. खा-खा खाणं आणि ओकणं यात काही वेळ तरी आतलं सगळं बधिर होतं. ते बंद केलं की बधिरपणाही जातो, आणि दाबलेलं वर येतं. घरच्यांना वाटतं, उपचाराने पोर बिघडली. नेमके तेव्हाच उपचार सोडले जातात.

मी विचारलं, मग आधी मनातलंच का नाही उपसत? तर म्हणाल्या, उपाशी मेंदूला ते झेपत नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. आणि त्यांच्यावर बाकी कुठला आघात झाला नव्हता. म्हणून आधी हृदय आणि पोटॅशियम, मग दिवसातून ठरावीक वेळा थोडं थोडं खाणं, उपास पूर्ण बंद, कारण उपासामागूनच तो खादाडीचा झटका येतो. पण ‘ते’ पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही. झोप, दचकणं, अंगावर काटा येणं, यावर आतापासूनच काम, आणि ती तयार झाली की त्या रात्रीवर. एकाच टीमकडे दोन्ही. फ्लुओक्सेटिनही दिलंय, ६० मिलिग्रॅम. दादाने गूगल करून विचारलं, “ही डिप्रेशनची गोळी ना? आणि तिप्पट?” बुलिमियाला एवढीच लागते हे त्याला समजावताना माझंच बीपी वाढलं.

वहिनीचं निराळंच. ओटीभरणाला पाचजणींसमोर “घे गं अजून एक पुरणपोळी, नाहीतर पुन्हा सलाइन लावतील!” मी पोळपाट फेकून मारणार होते.

आणि आता खरी गोष्ट. दादाला ‘कारण’ हवंय. पैसे मी भरतो, मग मला कळायला नको? बाई सांगणार नाहीत, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो चिमीचा हक्क आहे. ती वीस वर्षांची आहे, तक्रार करायची की नाही हेही तिनेच ठरवायचं. म्हणून तो माझ्यामागे लागलाय. आणि तो माणूस अजून घरी येतो गं, वैशे! रविवारी पत्ते खेळायला. चिमी तेवढा वेळ बाथरूममध्ये असते आणि दादा बाहेरून ओरडतो, किती वेळ लावतेस! पोटॅशियमचं सांगितलं, ते जिवाचं होतं. हे तिचं आहे, ती म्हणेल तेव्हाच. एवढं मला पक्कं कळतं. पण रविवार कसा काढायचा ते कळत नाही. सध्या तिला दर रविवारी ‘रूट कॅनाल’साठी बोलावतेय. एका माणसाला किती दाढा असतात, हे दादा कधीतरी मोजेलच.

तुला तेव्हा काय हवं होतं? मी मॅट्रनऐवजी कुणाकडे जायला हवं होतं? आणि चिमीला तुझ्याबद्दल सांगू का? नको म्हणालीस तर विषय संपला.

तुझ्या बदलीचं कळलं, अभिनंदन. अथर्वला दहावीला किती पडले? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? सविस्तर लिही, मी विचारलं नाही असं म्हणू नकोस.

तुझी,
मनी

ता. क. दादाचा फोन आलाच तर तुला यातलं काहीही माहीत नाही. आणि ओकल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने नुसती चूळ भरायची. हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. तुझी ती वरची दाढ एकदा दाखवून जा.