कुठल्या कंपनीची घेऊ, काका?

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. मागे एकदा प्रयत्न केला, तर तुम्ही "हवा बघ आधी, हवा" म्हणत दुर्बिणीला डोळा लावलात. म्हणून हे जाहीर पत्र. दुसरं कारण असं, की मी एआर-१५ रायफल घेतल्याचं मंडळाच्या गणपतीत फुटलं, तेव्हापासून ह्यूस्टनमधल्या चार मराठी घरांतून तरी मला एकच प्रश्न येतोय : "कुठल्या कंपनीची घेतलीस?" हाच प्रश्न मी तुम्हाला २०२२ च्या जानेवारीत विचारला होता, आणि तुम्ही वर्षभर त्याचं उत्तर दिलं नाहीत. मला आभार मानायचेत ते त्या वर्षाचे.

लॅपटॉप घेऊन तुमच्या गॅरेजमध्ये आले होते मी. अकरा कंपन्या, एकोणीस रकाने. कोल्ट, एफएन, डॅनियल डिफेन्स, ब्राव्हो कंपनी, स्मिथ अँड वेसन, रुगर आणि बाकीचे. वजन, किंमत, वॉरंटी, बॅरलचं पोलाद. तुम्ही आधी विचारलंत, "ग्रीन कार्ड हातात आलंय ना?" कारण एच-१बीवर असणाऱ्याला इथला केंद्रीय कायदा शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक घेऊच देत नाही, आणि दुकानातल्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा गुन्हा. मग चष्मा कपाळावर चढवून सगळा तक्ता वाचलात आणि म्हणालात, "यात तू तिचं करणार काय, तो रकाना कुठाय?"

तो नव्हता. खरं सांगायचं तर माझा कल एफएनकडे होता, आणि त्याचं कारण तक्त्यात नव्हतंच. बाबांनी मराठा लाइट इन्फंट्रीत जी एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) वागवली, तिचा आराखडा मुळात याच बेल्जियन कंपनीच्या एफएएलचा. सातारकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. एसएलआर हा शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. तुम्ही ऐकून घेतलंत. "बाबांची आठवण म्हणून त्यांचा फोटो लाव," म्हणालात. राग आला होता मला.

मग चहा झाला आणि तुम्ही जे सांगितलंत, ते मी आता सगळ्यांना सांगत सुटते. एआर म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे, आर्मालाइट रायफल. यूजीन स्टोनरचं डिझाइन, आर्मालाइटने त्याचे हक्क १९५९ मध्ये कोल्टला विकले, कोल्टने पुढे लष्कराला एम-१६ दिली आणि सामान्य गिऱ्हाइकाला एका ओढीत एकच गोळी सोडणारी एआर-१५. १९७७ मध्ये पेटंट संपलं आणि रान मोकळं झालं. १९८८ मध्ये एम-१६ चं सरकारी कंत्राट खुद्द एफएनने कोल्टच्या हातून नेलं. थोडक्यात, नाव कुणाचंही असो, आराखडा तोच; एकाचा भाग बहुधा दुसऱ्याला बसतो.

शिरोलीच्या फौंड्रीत उमेदीची वर्षं काढलेला माणूस तुम्ही. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे रिसीव्हर, म्हणजे रायफलीचे सांगाडे, माझ्यापुढे ठेवलेत आणि किल्लीच्या भोकासारखी एक बारीक खूण दाखवलीत, तिन्हींवर तीच. सेरो फोर्ज या घडाई कारखान्याची. "ओतीव नाही, घडीव आहे. अ‍ॅल्युमिनियम ७०७५. घडवणारे मोजकेच, नावं घालणारे शंभर." येवल्याच्या एकाच मागावरची पैठणी लक्ष्मी रोडवर दोन दुकानांत दोन भावांना मिळते, तशातला प्रकार. म्हणजे कंपनी-कंपनीत फरक नाही का? आहे. पण तो नावात नसून शेवटचा हात कोण किती मनापासून फिरवतं यात आहे, हे मला मार्चमध्ये कळलं.

तुमच्या रायफलीचं बॅरल बदलायला गेलं होतं, म्हणून मी एका ओळखीच्यांची नवीकोरी रायफल घेऊन सरावाला आले. कंपनीचं नाव नको. ३०० यार्डांवर पालथं पडून ७० सेकंदांत दहा गोळ्या, चौथीलाच अडकली. रिकामं काडतूस निम्मं बाहेर, निम्मं आत. पुन्हा सहाव्याला. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. तुम्ही पाच मिनिटांत बोल्ट कॅरियर, म्हणजे गोळीच्या गॅसने मागे-पुढे होणारा आतला दांडा, बाहेर काढलात आणि तो गॅस आत घेणाऱ्या वरच्या नळकांडीचे, गॅस कीचे, दोन स्क्रू नखाने हलवून दाखवलेत. ते सैल पडू नयेत म्हणून भोवतीचं धातू ठोकून स्क्रूत दाबायचं असतं. इथे ठोकण्याची नुसती हौस भागवली होती. गॅस बाजूने निसटतो, बोल्ट पुरता मागे येत नाही, अडकते. महाग नाव असो की स्वस्त, दुकानात पहिल्यांदा ही जागा बघायची, मग मागच्या नळीवरचा कॅसल नट तसाच ठोकलाय का ते बघायचं. माझ्या एकोणीस रकान्यांत हे दोन्ही नव्हतं.

स्क्रू आवळून ६०० यार्डांवर गेलो, तिथे दुसरा धडा. तुमच्या हातच्या ८० ग्रेन वजनाच्या, जड आणि लांब गोळ्या मी त्या रायफलीतून मारल्या आणि टार्गेटवर भोकं गोल पडायच्या ऐवजी आडवी पडली, कुणी काडी खुपसावी तशी. त्या बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ नऊ इंचांत एक फेरा. लांब गोळीला तेवढी गिरकी पुरत नाही. ती वाटेतच लटपटते. तिला आठ किंवा सात इंचांत एक फेरा लागतो. तुम्ही हे मला आधी सांगू शकला असतात. नाही सांगितलंत, मारू दिलंत. या पद्धतीबद्दलही आभारच म्हणायचे, पण गोळ्या तुमच्या होत्या म्हणून.

मग मे आला. २४ मे २०२२, उवाल्डेच्या शाळेतला गोळीबार. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. आपल्यापासून साडेचार-पाच तासांवरचं गाव, आणि तिथे वापरलेली रायफल माझ्या तक्त्यातल्या एका कंपनीची. मी तो तक्ता उडवून टाकला. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता. मी तुम्हाला फोन करून म्हटलं, मला नको हे काही. तुम्ही "बरं" म्हणालात. समजूत घातली नाहीत, "बंदूक वाईट नसते, माणूस वाईट असतो" हे इथलं ठेवणीतलं वाक्यही तोंडावर फेकलं नाहीत. त्याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. ऑगस्टमध्ये एकदा काकूंच्या हातच्या पुरणपोळ्या घेऊन आलात आणि जाता जाता एवढंच बोललात, "परत यायचं असेल तर आधी तिजोरी, मग रायफल." मी ऑक्टोबरमध्ये आले. का आले, याचं सरळ उत्तर माझ्याकडे आजही नाही. एनसीसीत .२२ ने मारलेल्या पहिल्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या होत्या, तो आनंद कुठेतरी राहिला असावा. तिजोरी मात्र खरंच आधी आली, जमिनीला बोल्टने जखडून. तिचे आकडे मुलाला माहीत नाहीत, नवऱ्यालाही नाहीत.

आणि मग २०२३ च्या फेब्रुवारीत उत्तर मिळालं. तोवर माझा रिकामा रकाना भरला होता : सर्व्हिस रायफलच्या, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलींच्या नेमबाजी स्पर्धा. २०० यार्डांवर उभ्याने, मग बसून, ३०० ला पालथं, ६०० ला पालथं आणि सावकाश. बॅरल जास्तीत जास्त वीस इंची, ट्रिगर निदान साडेचार पौंडांचा, दुर्बीण साडेचार पटींच्या आतली. "नावाला पैसे देऊ नको. नळीला दे, चापाला दे." लोअर रिसीव्हर अगदी साधा घेतला, कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे तेवढाच नंबर घातलेला तुकडा, तो दुकानातून तपासणी होऊन घ्यावा लागतो. वरचा भाग, बॅरलसकट, व्हाइट ओक कंपनीचा, इलिनॉयहून. तो खोक्यात घालून कुरिअरने सरळ दारात आला, मिक्सर यावा तसा. ट्रिगर गाइसली कंपनीचा. चेंबर, म्हणजे बॅरलमधली काडतूस बसायची जागा, वाइल्ड प्रकारची; तिच्यात .२२३ रेमिंग्टनची गोळीही चालते आणि जवळपास तशीच दिसणारी ५.५६ ही. साध्या .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ घालायची नाही, दाब वाढतो, हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंत की मी ते झोपेत बडबडते असं घरचे म्हणतात.

आता त्या चार घरांना माझं उत्तर. शेतावर रानडुकरांसाठी हवी असेल तर माझी रायफल तुमच्या कामाची नाही. जड आहे, लांब आहे. सोळा इंची साधी रुगर किंवा स्मिथ अँड वेसन घ्या, गॅस की बघून घ्या आणि उरलेल्या पैशाच्या गोळ्या घ्या. जोरजोरात मारणार, हजारो गोळ्या उडवणार, तर ब्राव्हो किंवा कोल्टला चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. नुसती भिंतीवर मिरवायला हवी असेल तर घेऊ नका. बंदूक एकदाच घ्यायची असते, गोळ्या दर रविवारी लागतात, आणि स्पर्धेचं बॅरलसुद्धा चार-पाच हजार गोळ्यांत थकतं.

काका, २०२४ च्या १ ऑगस्टला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य घेतलं, तेव्हा तुम्ही पहाटेच मला फोन केला होतात. "गुडघ्यावर, पालथं, उभ्यानं. तीन पोझिशन. आणि उभ्याने बघ कसा मारतो कोल्हापूरचा गडी!" मी तुमचा एवढा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. त्याच आठवड्यात ६०० वर माझे २०० पैकी १८७ आले. टार्गेटवरची उन्हाची लाट डावीकडे वाहत होती. इथले लोक तिला मिराज म्हणतात, तुम्ही मृगजळ. तुमच्यामुळे मीही मृगजळावरून वारा ओळखूनच दुर्बिणीचे क्लिक फिरवते.

तुमच्या रायफलीचा, नेम धरताना दंडाला अडकवायचा चामड्याचा पट्टा अजून माझ्याकडे आहे. दोन वर्षं झाली, तिसऱ्या भोकापाशी माझ्या दंडाची खूण पडलीये त्यावर. परत मागू नका.

काकूंना नमस्कार. रविवारी सातला येते, ८० ग्रेनच्या पन्नास गोळ्या भरून ठेवा.

आपली,
एकोणीस रकानेवाली