बाबा, ते अकरा टक्के

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर चिनूनं विचारलं, "आजोबा, तुमचं बोट कुठे गेलं?" आणि बाबा, तुम्ही नेहमीसारखं हसत सांगितलंत, "आजोबांचं लक्ष नव्हतं, मग मशीननं खाल्लं." चिनू खिदळला. मी कणीक मळत होते, गप्प राहिले. फोनवर मला ते नीट बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र. आईला मोठ्यानं वाचून दाखवा, तिचा चष्मा अजून दुरुस्तीलाच पडलेला असणार.

१९९६ साली मी तिसरीत होते. तेव्हापासून हे वाक्य ऐकतेय. उजव्या तर्जनीची दोन पेरं. कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यात त्याचे ११ टक्के, म्हणजे कमावण्याची ताकद तेवढी गेली असं धरतात. पूर्ण तर्जनी गेली तर १४, एक पेर गेलं तर ९, हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५. हा तक्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला भाजीवाल्याची पाटी आठवली. घरात तुम्ही काही सांडलंत की आई म्हणायची, "अकरा टक्के सूट!" आणि आपण सगळे हसायचो.

त्या वेळच्या कागदाची झेरॉक्स मागच्या दिवाळीत लोखंडी कपाटात सापडली, ती मी तुम्हाला न विचारता घेऊन आले. 'अपघाताचे कारण' या रकान्यात तीन शब्द आहेत: 'कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा'. खाली डाव्या हाताचा अंगठा. अकरावी झालेल्या माणसाचा अंगठा, कारण उजव्या हाताला बँडेज होतं.

मी सेफ्टी खात्यात आले तेव्हा मीही असेच रकाने भरत होते. चाकणच्या कारखान्यात लागून दोन महिने झाले असतील. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या मशीनच्या विभागात, फिरताना दिसलं की एका प्रेसच्या दोन बटणांपैकी डावं बटण वॉशर आणि चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलंय. दोन बटणं कशासाठी, हे तुम्हाला सांगायला नको. दोन्ही हात बटणांवर म्हणजे एकही हात डायमध्ये, साच्यात, नाही. मी ऑपरेटरला मेमो दिला. त्यानं मुकाट्यानं सही केली. आठवड्यानं तिथे दुसरा पोरगा होता आणि तोच वॉशर.

तेव्हा मात्र मी स्वतः उभी राहिले मशीनवर. अर्धाच तास. बटणं माझ्या खांद्याच्या उंचीला, स्प्रिंग कडक. वीस मिनिटांत कोपरं भरून आली. मग रेट बघितला. तासाला किती नग काढायचे हे ठरलं होतं पायाच्या पेडलवर प्रेस चालायची तेव्हा. बटणं आली, रेट तोच राहिला. म्हणजे जो दोन्ही बटणं दाबणार, त्याचे नग भरणार नाहीत आणि इन्सेंटिव्ह कापला जाणार. वॉशर लावणारा पोरगा महिन्याअखेरीस शहाणा ठरत होता.

बटणं खाली घेतली, हलक्या दाबाची बसवली. ते आठ दिवसांत झालं. रेट बदलायला तीन महिने भांडावं लागलं. ज्याला मेमो दिला होता त्याच्याकडे जाऊन म्हटलं, चूक माझी होती. तो म्हणाला, "ते ठीक आहे मॅडम, पण फाइलमधून काढलात का?" काढला नव्हता. एचआरकडून तो निघायला आणखी दोन महिने गेले.

आई, आता तुझी एक गोष्ट. रॉकेलची आणि गोडेतेलाची बाटली एकसारखी होती, आठवतं? लाइट गेले असताना मी कांदापोह्यांच्या फोडणीला रॉकेल ओतणार होते, वासावरून तू हात धरलास. मला वाटलं आता पाठीत धपाटा. तू काहीच बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या बाटलीच्या गळ्याला सुतळीचे चार वेढे होते. अंधारातसुद्धा हाताला कळायचं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे पायलट विमान सुखरूप उतरवून झाल्यावर पंखांच्या हलत्या पट्ट्यांऐवजी, म्हणजे फ्लॅपऐवजी, चाकंच आत ओढून घेत आणि विमान पोटावर बसे. शेरा ठरलेला: पायलटची चूक. अल्फान्स चॅपनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं पाहिलं की दोन्ही खटके शेजारी आहेत आणि दिसायला सारखे. त्यानं चाकांच्या खटक्याला रबरी चाकासारखी मूठ बसवायला लावली. फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी. घोटाळा थांबला. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे स्लाइडवर आलं आणि मला तुझी सुतळी दिसली.

त्याच ट्रेनिंगमध्ये जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचं चीज येतं, भोकाभोकांचं. एकेक चकती म्हणजे एकेक बचाव, प्रत्येकीला भोकं असतातच, आणि भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. मी पोरांना आंबोळ्या सांगते. पाच आंबोळ्या एकावर एक ठेवल्या तर खालची थाळी सहसा दिसत नाही. एखाद्या दिवशी दिसते. भोपाळला १९८४ च्या त्या रात्री गॅसची टाकी थंड ठेवणारं यंत्र बंद होतं, आणि निसटलेला गॅस जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप सोडवून ठेवलेला होता. तरी कंपनी पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिली की कुणा नाराज कामगारानं मुद्दाम पाणी सोडलं.

आता तुमची रात्र, बाबा. मी आईकडून तुकड्यातुकड्यांनी गोळा केलीय. दुसरी पाळी संपवून तुम्ही तिसरीला थांबला होतात, कारण बदली माणूस आला नव्हता. डाय सेट करताना काढलेलं गार्ड परत बसवलं नव्हतं. गेटवर माल न्यायला टेम्पो उभा होता. आणि दोन दिवस तुम्ही घरी येऊन म्हणत होतात, "मशीन डबल मारतंय." सेटरलाही सांगितलं होतंत. तो म्हणाला होता, एवढा माल जाऊ दे, रविवारी उघडू.

मागे तुम्ही विचारलंत, तुमच्याकडे हात आत गेला की मशीन थांबवणारा तो लाल किरणांचा पडदा असतो, तो आमच्या प्रेसवर असता तर? नसता उपयोग झाला. तुमची की-क्लचची प्रेस. क्लचमधली ती की, म्हणजे लोखंडी खीळ, एकदा अडकली की रॅम, म्हणजे वरून येणारा ठोकळा, पूर्ण फेरा करूनच थांबणार, मध्ये कुणी थांबवू शकत नाही. आणि ती खीळ झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली की पेडल न दाबताही रॅम पुन्हा खाली येतो. तुम्ही पाय काढला होता. तयार जॉब उचलायला हात घातलात, रोज हजार वेळा घालायचात तसाच. लक्ष नसतं तर पायच काढला नसता.

आमच्या गेटवर एक बोर्ड आहे, 'अपघाताविना दिवस', रोज आकडा बदलतो. शंभर झाले की सगळ्यांना पेढे. मागे एका पोरानं कापलेला तळवा मशीन पुसायच्या चिंध्यांत गुंडाळून शिफ्ट काढली, कारण आकडा ९७ होता. तो बोर्ड काढा म्हणून मी मागे लागलेय, अजून काढला नाही. 'थोडक्यात वाचलो' असं लिहायचं रजिस्टर ठेवलंय, ते पहिले चार महिने कोरं होतं आणि मॅनेजरना त्याचं कौतुक. मग मी पहिली नोंद स्वतःची केली: तेलावरून घसरले, रेलिंग धरलं म्हणून वाचले. दोन दिवसांत तिथला गळका पाइप बदलला, तो कुणी सांगितला म्हणून बदलला हे नोटीस बोर्डवर लावलं. आता आठवड्याला चार-पाच नोंदी येतात, निम्म्या कँटीनच्या चहाबद्दल असतात.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. शपथ, पोस्टर, घोषवाक्य स्पर्धा. भिंतीवर दरवर्षी रंगवतात 'नजर हटी, दुर्घटना घटी'. तुमचंच वाक्य, बाबा, फक्त हिंदीत. यंदा ती भिंत मी पांढरी करून ठेवलीय.

एक काम आहे तुमच्याकडे. आमच्या जुन्या शेडमध्ये अजून दोन की-क्लचच्या प्रेस आहेत, त्या काढायचा प्रस्ताव वर पडून आहे. तोवर मला हे कळायला हवं की डबल मारायला लागण्याआधी मशीनचा आवाज बदलतो का. मॅन्युअलमध्ये नाही, आणि आमच्या मेंटेनन्सच्या पोरांनी अशी प्रेस फारशी चालवलेली नाही. तुम्ही दोन दिवस आधी ओळखलं होतंत, ते कशावरून? ठोका वेगळा येतो, की पेडल हाताला, म्हणजे पायाला, वेगळं लागतं? व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलंत तरी चालेल. मी पोरांना ऐकवीन.

आई, चष्म्याच्या दुकानात फोन कर, नाहीतर नंबर मला पाठव.

तुमची,
मनू