पान उलटून पुढचं वचन वाचायला दिलंत, त्याबद्दल

आदरणीय बाई,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. तुम्ही घेता त्या मंगळवारच्या शास्त्राभ्यासाला, म्हणजे बायबलच्या अभ्यासाला, येणाऱ्या सगळ्यांच्या वतीनं लिहितो आहोत. आमच्यात परिचारिका आहेत, कारखान्यात पाळीवर जाणारे आहेत, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आहेत आणि त्यांना कामाला ठेवणारेही आहेत.

पोटासाठी दिवसभर राबणाऱ्या माणसानं आत्मिक जीवन जगायचं तरी कसं, हा प्रश्न आम्ही आधीही विचारला होता. एका व्यासपीठावरून उत्तर आलं की श्रम हा आदामाच्या पापाचा शाप आहे, तो मुकाट्यानं भोगा. दुसऱ्यावरून आलं की दशांश वाढवा, उपास वाढवा, बढती दारात येईल. ती आली नाही की तुमचा विश्वास तोकडा, हेही ठरलेलंच. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला ‘पहाटे चारला प्रार्थनेला का उठत नाहीस’ म्हणून चारचौघांत खाली मान घालायला लावणारे धर्मसेवक आम्ही पाहिले आहेत. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी उत्पत्तीचं पुस्तक उघडलंत. एदेन बागेची मशागत आणि राखण माणसावर सोपवली ती दुसऱ्या अध्यायात, पंधराव्या वचनात. पाप येतं तिसऱ्या अध्यायात. शाप भूमीला मिळाला. काटेकुसळं, कपाळावरचा घाम, राबूनही हाती काही न लागणं हे सगळं त्या शापाचं. काम त्याच्या आधीचं आहे, देवानं विश्वासानं हाती दिलेलं. एवढा साधा क्रम आम्हाला कुणी दाखवला नव्हता.

पण आभार खरे मानायचे आहेत ते प्रेषित पौलानं कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दिवसाचे. जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे तिसऱ्या अध्यायातलं तेविसावं वचन आम्हाला पाठ होतं. ओव्हरटाइमचे पैसे मागितले की तेच तोंडावर फेकलं जायचं. तुम्ही तिथे थांबला नाहीत. पान उलटलंत, पुस्तक धुणीभांडी करणाऱ्या आमच्या मावशींच्या हातात दिलंत आणि म्हणालात, “पुढचं तुम्ही वाचा.” चौथ्या अध्यायाचं पहिलं वचन धन्यांना सांगतं की आपल्या दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, कारण तुमच्यावरही स्वर्गात एक धनी आहे. मावशी अडखळत वाचत होत्या. तुम्ही मध्ये एक शब्दही सांगितला नाहीत, घाई केली नाहीत, दुसऱ्या कुणाला सांगू दिला नाहीत. वचन पूर्ण झालं आणि खोलीत बसलेल्या मालक मंडळींना ते मावशींच्याच आवाजात ऐकावं लागलं. मग तुम्ही शांतपणे समजावलंत की पौलाच्या पत्रात अध्याय नव्हतेच. आज आपण वापरतो ती विभागणी १३ व्या शतकातली. दासांना आणि धन्यांना केलेला उपदेश एका दमात लिहिलेला आहे, मध्येच तोडणाऱ्यांनी तो तोडला.

त्या दोन मिनिटांसाठी आम्ही तुमचे जन्मभराचे ऋणी आहोत. मावशींनी हे सगळ्यांदेखत लिहायला सांगितलं आहे.

पुढे तुम्ही जे शिकवलंत ते इतकं नेमकं होतं की सोमवारी सकाळी लगेच वापरता आलं. इजिप्तच्या वाळवंटातले अब्बा लूसियस सगळ्यांच्या तोंडी बसले आहेत. त्यांच्याकडे काही वैरागी आले आणि म्हणाले, आम्ही हातानं काम करत नाही, अखंड प्रार्थना करतो. अब्बांनी विचारलं, जेवताना कोण करतं? झोपेत कोण करतं? उत्तर नव्हतं. मग त्यांनी आपली रीत सांगितली. ताडाची पानं भिजत घालायची, दोरी वळत बसायचं आणि वळता वळता ५१ व्या स्तोत्राची सुरुवात म्हणत राहायचं, देवा, माझ्यावर दया कर. दिवसाला साधारण १६ नाणी सुटत. त्यातली दोन दाराशी ठेवायची, बाकीच्यांत भाकर. ती दोन नाणी घेणारा गरीब माणूस, आपण जेवत किंवा झोपलेले असताना, आपल्यासाठी प्रार्थना करतो. अखंड प्रार्थनेचा इतका प्रामाणिक हिशोब आम्ही दुसरीकडे ऐकला नाही. त्यात कष्ट, याचना आणि दान एका दोरीत वळलेले आहेत.

वचन छोटं हवं, हा तुमचा आग्रह. जॉन कॅसियन या जुन्या काळच्या वैराग्यांनी ७० व्या स्तोत्रातलं पहिलंच वचन सुचवलं आहे, देवा, मला सोडवायला धाव. एका श्वासात संपतं, म्हणून सुई टोचतानाही म्हणता येतं आणि रोग्यावरचं लक्ष ढळत नाही. लांब प्रार्थना कामात घुसवली की कामही बिघडतं आणि प्रार्थनाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. छोटी प्रार्थना एखाद्या ठरलेल्या हालचालीला बांधायची : यंत्राचं बटण दाबताना, हात धुताना, कुलूप उघडताना. पहिल्या आठवड्यात एकच हालचाल, दुसरी नंतर. विसरलं तर स्वतःला कोसायचं नाही, पुढच्या हालचालीला पुन्हा सुरू करायचं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिला, त्यात आठवड्याच्या पाळीनं स्वयंपाकघरात येणाऱ्यानं हेच वचन तीनदा म्हणायचं, असं ३५ व्या प्रकरणात आहे. पाळी संपवून जाणाऱ्यानं देवाला धन्यवाद देणारं वचन तीनदा म्हणायचं, टॉवेल धुवायचे आणि भांडी स्वच्छ, धडकी परत करायची. त्याच नियमात कोठारी बंधूला सांगितलं आहे की मठाची साधी अवजारंही वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मान. आणि ५७ व्या प्रकरणात, ज्या कारागिराला आपल्या कसबाचा गर्व चढेल त्याला त्या कामावरून काढा. ही अट कठोर आहे, पण आम्हाला पटते. कामावर जीव लावणं आणि कामालाच देव करणं यांच्यात फार अंतर नसतं.

दुपारच्या मरगळीबद्दल तुम्ही बोललात तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले होते. इव्हाग्रियस हा ३९९ साली वारलेला वैरागी लिहितो की हा दुरात्मा सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दोनपर्यंत छळतो. सूर्य हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, नजर सारखी खिडकीकडे जाते, हातातलं काम नकोसं होतं, दुसरी जागा आणि दुसरा धंदा गोड वाटू लागतो. आम्ही याला आळस समजत होतो आणि मनातून लाजत होतो. तुम्ही सांगितलेला उपाय साधा आहे. जागा सोडायची नाही, मोठा संकल्प करायचा नाही, समोरच्या कामाचा लहानसा वाटा ठरवून तेवढाच पुरा करायचा. नोकरी बदलायचा निर्णय त्या वेळात कधीच घ्यायचा नाही.

आणि एवढं करूनही यातून तारण, म्हणजे पापातून सुटका, विकत मिळत नाही, हे तुम्ही दर आठवड्याला न कंटाळता सांगितलंत. आपलं तारण भीत व कापत साधा असं फिलिप्पैकरांना सांगून पौल लगेच पुढच्या वचनात म्हणतो की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. इफिसकरांच्या पत्रात तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही, आणि त्याच्याच पाठोपाठ, आपल्याला सत्कर्मांसाठी घडवलं आहे असं येतं. कृपा आधी, कष्ट मागून. हा क्रम उलटा झाला की भक्तीचा सौदा होतो, आणि आमच्या आधीच्या उपदेशकांनी नेमका तोच मांडला होता.

आपल्याकडे याचं उदाहरण केडगावला आहे. पंडिता रमाबाईंनी तिथल्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिलेल्या स्त्रिया छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंनी केलेला संपूर्ण शास्त्राचा मराठी अनुवाद त्यांनीच जुळवला, छापला. शिशाचे खिळे जुळवणाऱ्या त्या बोटांना, आता प्रार्थना चालली आहे की काम, असं कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

सभ्यपणा म्हणजे काय, हेही आम्ही तुमच्याकडे पाहून शिकलो. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोब लिहितो, आणि तुम्ही ते मालकांसमोर त्यांना न दुखावता वाचू शकता. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली शब्बाथाची आज्ञा दासदासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळावा म्हणून आहे, हे तुम्ही सांगितल्यावर मंडळीतल्या काही घरांनी कामवाल्या बाईंना रविवार मोकळा दिला, पगार न कापता. त्या दिवशी भांडी घरातले पुरुष घासतात. त्या कुटुंबांचेही आभार आम्ही याच पत्रात मानतो.

आपले नम्र,
मंगळवारच्या शास्त्राभ्यासातली मंडळी