संकल्पचित्राआधी झाडाचे पान हातात घ्या

मा. संपादक,

शासकीय रेखाकला परीक्षेच्या तयारीत संकल्पचित्राचा, म्हणजे नक्षी रचण्याचा, पेपर अनेक ठिकाणी जवळजवळ पाठ करून घेतला जातो. तेच कमळ, तीच वेल, तोच मोर, आणि रंगही ठरलेले. गुण मिळतात, पण पुढे पुस्तकाची चित्रे किंवा कापडाची नक्षी करायची वेळ आली की ही मुले मोबाइलवर तयार नमुने शोधू लागतात. वेताळ टेकडी, तळजाई, एम्प्रेस गार्डन हाताशी असलेल्या पुण्यात हे व्हावे याचे फार वाईट वाटते.

पान काढताना आधी बाह्यरेषा काढू नये. मधली शीर आणि तिचा बाक, मग उपशिरा समोरासमोर फुटतात की आळीपाळीने आणि किती कोनात, हे आधी काढावे, कडा शेवटी. उलट केले की शिरा तयार चौकटीत कोंबल्या जातात आणि सगळी झाडे सारखीच दिसतात. पांगाऱ्याच्या पानाला तीन दले, काटेसावरीला पंजासारखी पाच ते सात, तामणीच्या फुलाला सहसा सहा चुरगळलेल्या पाकळ्या: नक्षीचे मूळ घटक इथेच मिळतात. सूर्यफुलाच्या बियांच्या वळणदार रांगा बहुधा एका दिशेला ३४ आणि दुसऱ्या दिशेला ५५ असतात. त्याऐवजी एकात एक वर्तुळे काढली, तर फूल निर्जीव होते. (टेकडीवरची फुले तोडू नयेत, खाली पडलेली पुरतात.)

रंगात सर्वाधिक फसगत हिरव्याची होते. ट्यूबमधला तयार हिरवा टेकडीच्या कोणत्याच ऋतूत दिसत नाही. अल्ट्रामरीन ब्लू आणि लेमन यलो मिसळून त्यात ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घातला की पानाचा हिरवा मिळतो. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवताला पिवळा वाढवावा; दिवाळीनंतर सिएना वाढवत न्यावा. बहाव्याच्या पिवळ्याची सावली काळ्याने करू नये, कारण पिवळ्यात काळा पडला की मळकट हिरवा होतो. त्याऐवजी यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) किंचित जांभळा घालावा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून त्याच कागदाच्या तुकड्यावर चाचणी घेऊन ती पूर्ण वाळू द्यावी.

मग पुनरावृत्ती, म्हणजे एकच नमुना शेजारीशेजारी लावला तरी जोड दिसू नये अशी नक्षी. जाड कागदाचा २० सेंटीमीटरचा चौरस घ्यावा आणि चारही कडांना ३ सेंटीमीटर सोडून मध्यभागी चित्र काढावे. १० सेंटीमीटरवर उभा काप देऊन दोन्ही भागांची अदलाबदल करावी, मागून चिकटपट्टी लावावी. मध्ये आलेली कोरी पट्टी बाहेरच्या कडांना न शिवता भरावी. नंतर आडवा काप देऊन तेच पुन्हा. काप जराही तिरपा गेला तर जोडावर रेघ दिसते. शेवटी चार झेरॉक्स शेजारी लावून दोन-तीन मीटरवरून पाहावे: मोकळ्या जागांचे पट्टे आणि एकाच ठळक फुलाच्या रांगा तिथेच उघड्या पडतात. ते फूल दुसऱ्या जागी उलट्या दिशेने पुन्हा घातले की रांग मोडते. हा टप्पा बहुतेक विद्यार्थी गाळतात आणि नेमकी तिथेच नक्षी फसते.

परंपरेतली नक्षीही साहित्य ओळखूनच घडली. पैठणीच्या मोराची वळणे जवळून पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची दिसतात, कारण ती उभ्या-आडव्या धाग्यांत विणलेली असतात. तो मोर कागदावर जसाच्या तसा उतरवण्यापेक्षा ब्रशला कोणते वळण सहज येते ते पाहावे.

कलाशिक्षकांनी परीक्षेपूर्वी किमान दोन तासिका वर्गाबाहेर घ्याव्यात, आणि संकल्पचित्राबरोबर त्यामागचे पानाफुलांचे कच्चे रेखाटनही तपासावे. आपणही आपल्या अंकातील मुलांच्या पानावर तयार नक्षीऐवजी त्या महिन्यात फुलणाऱ्या एका झाडाचे पान, फूल आणि शेंग मोठ्या आकारात छापावी. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस, मेमध्ये बहावा आणि तामण घेता येईल.

— एक चित्रकार, पुणे