‘हिंसेचं जनुक’ आणि एक डच कुटुंब

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

‘सेरोटोनिन कमी पडलं की माणूस हिंसक होतो, एवढंच ना?’ असं तू विचारलं आहेस. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन. पण नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात नेमकं उलटं दिसलं. तिथले काही पुरुष क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जायचे, आगी लावायचे. बुद्धीही थोडी मंद. १९९३ साली हान ब्रुनर आणि सहकाऱ्यांना कारण सापडलं: एक्स गुणसूत्रावरच्या ‘एमएओए’ जनुकात डीएनएच्या एकाच अक्षराचा बदल. बायकांकडे दुसरं एक्स शाबूत असल्याने त्यांना त्रास नव्हता.

या जनुकापासून बनणारं विकर (एन्झाइम) सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामाइन मोडून टाकतं. त्या पुरुषांत ते बनतच नव्हतं, म्हणून ही रसायनं साचायची.

आता गंमत बघ. नैराश्यावरची काही जुनी औषधं हेच विकर बंद पाडतात. ती घेणाऱ्याला मुरलेलं चीज वर्ज्य असतं, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. पण माणूस तसा हिंसक होत नाही. माझ्या मते फरक वेळेचा आहे: औषध मोठेपणी घेतलं जातं, जनुकाचा दोष मात्र जन्मापासून असतो. १९९५ साली हे जनुक नसलेल्या उंदरांचा अभ्यास झाला. नर आक्रमक होते. पिल्लांच्या मेंदूत सेरोटोनिन नऊ पटींपर्यंत वाढलेलं होतं, आणि मिशांकडून येणाऱ्या स्पर्शाचा मेंदूतला नकाशा आखलाच गेला नव्हता. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सेरोटोनिनची निर्मिती रोखली, तर नकाशा नीट उमटला. मिशांचा नकाशा बिघडला म्हणून उंदीर भांडतात, असं यातून सिद्ध होत नाही. पण कोवळ्या मेंदूची रचनाच हे रसायन घडवतं, हे मात्र स्वच्छ दिसतं.

विकर पूर्ण बंद असणं फार दुर्मीळ. ते कमी बनवणारा प्रकार मात्र कितीतरी पुरुषांत असतो आणि बहुतेकांचं आयुष्य शांतपणे जातं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या ४४२ मुलग्यांच्या अभ्यासात (२००२) हा प्रकार आणि लहानपणी झालेले हाल, दोन्ही वाट्याला आलेले फक्त १२ टक्के होते. हिंसक गुन्ह्यांतल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. नुसत्या जनुकाने तसं होत नव्हतं.

म्हणूनच २००९ साली इटलीत त्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने अशा जनुकीय अहवालाच्या आधारे एका खुन्याची शिक्षा वर्षभराने कमी केली, ते मला अजिबात पटलेलं नाही. एखाद्या खटल्यात तुझ्यासमोर असा अहवाल आला तर आधी विचार, विकर बंद आहे की नुसतं कमी? मग शाळेची आणि दवाखान्याची जुनी कागदपत्रं मागव, आणि घटनेच्या वेळी दारू किती प्यायली होती तेही बघ. जनुकाकडे त्यानंतर वळ.

तुझा,
माधव