शून्य शुल्क म्हणजे खुला बाजार नव्हे

मा. संपादक,

महोदय,

मुक्त व्यापार कराराची बातमी आली की आयात शुल्क किती टक्क्यांनी उतरणार आणि त्यात कोण भरडला जाणार, एवढ्यावरच आपल्याकडची चर्चा येऊन थांबते. प्रश्न रास्त आहे. मात्र शेजारी देशांच्या व्यापारसंघात असण्याचा मोठा लाभ शुल्काच्या तक्त्यात दिसतच नाही. सीमेवर माल किती वेळ अडतो, एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात चालतो का, आणि एकदा आत आलेल्या मालाला पुन्हा कोणी अडवू शकतो का, यावर तो अवलंबून असतो. निफाड-दिंडोरी भागातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या कागदपत्रांचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

पॅकहाउसमध्ये पेट्यांत भरलेली आणि प्रीकूलिंग करून (आधीच थंड करून) रीफर, म्हणजे शीत कंटेनरमध्ये चढवलेली द्राक्षे न्हावाशेवाहून निघून काही आठवड्यांनी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. सोबत फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), फवारणीच्या औषधांच्या अवशेषांचा अहवाल, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती) अशी कागदांची चळत असते. रॉटरडॅमला डच अधिकारी कागद पाहतात, वाटल्यास पेट्या उघडून नमुना घेतात, शुल्क भरले जाते, आणि तिथून पुढे तो माल कायद्याच्या दृष्टीने युरोपातल्या मालासारखाच मोकळा होतो. ट्रक जर्मनीला जावो, पोलंडला जावो की ऑस्ट्रियाला, मधल्या कोणत्याही सीमेवर सीमाशुल्काचा कागद दाखवावा लागत नाही. घडाचा देठ तपकिरी पडू लागला की खरेदीदार दर पाडतो, त्यामुळे नाक्यावर गेलेला एक दिवससुद्धा बागायतदाराच्या पट्टीतून, म्हणजे हाती येणाऱ्या रकमेतून वजा होतो.

कीटकनाशकांच्या अवशेषांचेही तसेच. अवशेषांच्या कमाल मर्यादा संपूर्ण युरोपीय संघासाठी एकसारख्या झाल्या त्या १ सप्टेंबर २००८ पासून. त्याआधी कित्येक औषधांच्या बाबतीत प्रत्येक देशाचा आकडा निराळा असे आणि माल कोणत्या देशात विकला जाणार हे ठरल्याशिवाय फवारणीचे वेळापत्रक नक्की करणे अवघड होते. (काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याहून कडक अटी आजही घालतात, हा भाग अलाहिदा. त्यांच्यापुढे कोणत्याच कराराचे काही चालत नाही.)

ही सोय युरोपला आपसूक मिळालेली नाही. १९५७ च्या रोम करारातून सहा देशांचा संघ उभा राहिला आणि १ जुलै १९६८ पर्यंत आपसातले सीमाशुल्क संपले. म्हणजे ज्याला आपण ‘झिरो ड्युटी’ म्हणतो, ती अवस्था तेव्हाच आली होती. तरीही नाके पुढे जवळपास पंचवीस वर्षे उभेच होते, कारण मानके निराळी, विक्रीकर निराळे आणि परवाने निराळे होते. फ्रान्समधील ब्लॅककरंट या फळाचे एक मद्य जर्मनीत विकण्यास नकार मिळाला, तो त्यातील अल्कोहोल जर्मन नियमाने ठरवलेल्या किमान प्रमाणापेक्षा कमी भरते म्हणून! हा वाद युरोपीय न्यायालयात गेला आणि एका सदस्य देशात कायदेशीरपणे तयार होऊन विकली जाणारी वस्तू सबळ कारणाशिवाय दुसऱ्या सदस्य देशाला अडवता येणार नाही, असे तत्त्व १९७९ मध्ये प्रस्थापित झाले. पुढे नियम जुळवण्याचे रटाळ काम वर्षानुवर्षे चालले आणि १ जानेवारी १९९३ ला एकसंध बाजारपेठ प्रत्यक्षात आली. मुंबईच्या वेशीवर मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यांपाशी लागणाऱ्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी २०१७ पूर्वी पाहिल्या आहेत, त्यांना नाके जाण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

व्यापारसंघाच्या लाभाचा सर्वांत स्पष्ट पुरावा मात्र त्यातून बाहेर पडलेल्या देशाने दिला आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एकसंध बाजारपेठेतूनही. दोघांमध्ये जो व्यापार करार झाला, त्यात उगमस्थानाचे नियम (माल मूळचा कोठला हे ठरवणारे) पाळणाऱ्या मालावर शुल्कही नाही आणि कोटाही नाही. केवळ शुल्कालाच महत्त्व असते, तर ब्रिटनच्या व्यापाराला धक्का बसण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या मासळी व्यावसायिकांनी आपले ट्रक थेट लंडनमध्ये आणून निषेध केला, कारण कालपर्यंत एका रात्रीत फ्रान्सला पोहोचणारी ताजी मासळी आता आरोग्य प्रमाणपत्रांच्या आणि सीमाशुल्काच्या कागदांत अडकत होती. मोठ्या कंपन्यांनी कागदपत्रांसाठी माणसे नेमली, पण वर्षाकाठी थोडासाच माल पाठवणाऱ्या छोट्या उत्पादकाला तो खर्च परवडेना. ब्रिटनच्याच अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाने दीर्घकाळात देशाची उत्पादकता, संघात राहिला असता तर असती त्यापेक्षा, सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील असे गृहीत धरले आहे. संघात राहणाऱ्या देशाला हे ४ टक्के दरवर्षी न मागता मिळत असतात, म्हणूनच बहुधा ते कोणाच्या लक्षात येत नाहीत.

आपल्यालाही याची झळ बसली. युरोपीय संघात शुल्क भरून मोकळी झालेली भारतीय द्राक्षे तिथून ब्रिटनला न्यायची, तर आता पुन्हा आयातीची कागदपत्रे करावी लागतात, आणि माल मूळचा युरोपातला नसल्याने त्यांच्या आपसातल्या शून्य शुल्काचा लाभही त्याला मिळत नाही. त्यामुळे कोणता कंटेनर कोठे उतरवायचा, हे निघतानाच ठरवणे भाग पडते. ऐन हंगामात एका बाजारात दर पडला तर माल दुसरीकडे वळवण्याची जी मुभा होती, ती बरीच आक्रसली.

एकच नियमपुस्तक असण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१० च्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अवशेष सापडले. सदस्य देशांमध्ये धोक्याची सूचना तत्काळ पोहोचवणारी यंत्रणा असल्याने एका ठिकाणी आढळलेल्या दोषाची खबर सर्वत्र गेली आणि नाशिक जिल्ह्यातील अनेक बागायतदारांना त्या वर्षी जबर फटका बसला. दार एकच असले की ते बंदही एकदमच होते. तरीही त्यानंतर तपासणीची आपली पद्धत सुधारली, हे मान्य करावे लागेल.

आता आपल्या शेजाराकडे पाहू. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, १ जानेवारी २००६ पासून लागू आहे. तरीही या देशांच्या एकूण व्यापारात आपसातला व्यापार जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास आहे. युरोपीय संघात हेच प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात आणि आग्नेय आशियातल्या आसियान देशांत २० टक्क्यांहून अधिक आहे. पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलला बांगलादेशच्या सीमेवर मालाने भरलेला ट्रक पलीकडे जाऊन उतरवायचा आणि तोच माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवायचा, ही रीत अजून संपलेली नाही. भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ या चार देशांच्या वाहनांना एकमेकांच्या रस्त्यांवर धावू देणारा करार जून २०१५ मध्ये थिंफूला झाला खरा, पण भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला आणि बाकीच्या तिघांतही तो अजून पूर्णपणे अमलात आलेला नाही.

दोष सगळा शेजाऱ्यांचा आहे, असे म्हणण्याची सोय निदान आम्हा नाशिककरांना नाही. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा ग्राहक आहे. त्याला आपण सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ अशी तीनदा रातोरात निर्यातबंदी दाखवली. २०२० मध्ये तर कांद्याने भरलेले ट्रक सीमेवर उभे राहिले. लासलगावात भाव कोसळले ते आपण पाहिले, पण ढाक्यात भाव कडाडले त्याची नोंद आपण फारशी घेतली नाही. तिकडच्या सरकारने त्यातून घ्यायचा तो बोध घेतला आणि स्वतःचे उत्पादन वाढवण्यावर व इतर देशांतून कांदा आणण्यावर भर दिला. स्वतःचा कांदा बाजारात आला की आयातीचे परवाने रोखण्याचे अस्त्र तेही वापरतात. २०२५ मध्ये तर त्यांनी आपल्या सुताच्या आणि आपण त्यांच्या तयार कपड्यांच्या भूमार्गाने येण्यावर निर्बंध घालून उट्टे काढले. युरोपीय संघाच्या मूळ करारात सदस्यांमधील निर्यातबंदीलाच मज्जाव आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने जर्मनीने मास्कची निर्यात रोखली, तेव्हा संघाच्या दबावापुढे काही आठवड्यांतच तिला माघार घ्यावी लागली. सरकारचे हात असे बांधलेले असणे हा शेतकऱ्याचा तोटा नसून त्याची पत आहे, कारण माल मिळेलच अशी खात्री असलेला ग्राहकच पुढच्या वर्षीही येतो.

आरसेप, म्हणजे आसियान देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यातल्या व्यापार कराराच्या बाबतीतही आपण हाच अपुरा हिशेब केला, असे माझे मत आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला भारताने त्यातून अंग काढून घेतले, त्यामागची दूध उत्पादकांची भीती खोटी नव्हती. न्यूझीलंडच्या दूध पावडरीपुढे आपल्याकडचा दोन-चार गायींचा गोठा टिकला नसता. पण दुसऱ्या पारड्यात काय होते, याची चर्चा झालीच नाही. त्या करारात अनेक वस्तूंसाठी ४० टक्के मूल्य प्रदेशातले असले की सवलत मिळते, आणि ते मोजताना सर्व सदस्य देशांचे सुटे भाग एकत्र धरता येतात. त्या हिशेबात थायलंडमधल्या कारखानदाराने वापरलेला चिनी किंवा कोरियन भाग प्रदेशातला ठरतो, चाकणमध्ये तयार झालेला भाग ठरत नाही. दुधाला वगळून आत शिरण्याची वाट होती का, यावर त्या वेळी आणखी भांडायला हवे होते.

सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर झालेली नाही आणि पाकिस्तानसह काही घडेल अशी आशा आज धरण्यात अर्थ नाही. परंतु बांगलादेशाशी राजकीय वातावरण निवळताच, निदान कांदा आणि फळे यांपुरता तरी लेखी करार करण्यास कोणती अडचण आहे? दोन्ही बाजूंनी बंदी घालण्यापूर्वी ठरावीक मुदतीची सूचना, बंदीच्या दिवशी वाटेत असलेल्या मालाला सूट, आणि एकमेकांच्या प्रयोगशाळांच्या अहवालांना मान्यता, एवढी तीन कलमे त्यात असली तरी पुरे. नाशिक जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी शुल्कमाफीच्या निवेदनांबरोबर ही मागणीही केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाकडे लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
निफाड (जि. नाशिक)