मनीला देऊन टाकू नकोस

प्रिय सखी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गोड बातमीने डोळे भरून आले आणि शेवटच्या ओळीने पोटात कालवलं. ‘सगळे म्हणतात, गरोदरपणात घरात मांजर नको, मनीला आता कुणाला तरी देऊन टाक.’ अगं, थांब जरा.

भीती खोटी नाही, हे आधीच सांगते. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची लागण गरोदरपणात पहिल्यांदाच झाली, तर तो वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. पहिल्या महिन्यांत पोचण्याची शक्यता कमी असते, पण पोचलाच तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना मोठी इजा होते. शेवटच्या महिन्यांत पोचतो जास्त, इजा सहसा कमी. आईला बहुतेक वेळा काही जाणवतही नाही, फार तर बारीक ताप येतो, मानेत गाठी येतात.

पण मनीला मांडीवर घेतल्याने तो येतो असं नाही. मांजराला लागण होते ती उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन. त्यानंतर एक ते तीन आठवडे त्या परजीवीचे ऊसिस्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बीजं, तिच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि हे बहुधा आयुष्यात एकदाच घडतं. शिवाय ताजी विष्ठा लागण करत नाही. ऊसिस्ट पिकायला एक ते पाच दिवस लागतात. सगळी किल्ली इथेच आहे बघ! लिटर ट्रे, म्हणजे मनीचा शी-शू करायचा ट्रे, रोजच्या रोज साफ झाला की धोका तिथेच खुंटतो. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपव. तुलाच करावं लागलं तर हातमोजे घाल, नंतर साबणाने हात धू. ट्रेवर उकळतं पाणी ओतायला सांग, कारण नेहमीच्या जंतुनाशकांना ऊसिस्ट दाद देत नाहीत. मनीला कच्चं मांस देऊ नकोस, शिकारीला बाहेर सोडू नकोस, आणि या दिवसांत रस्त्यावरचं नवं पिल्लू घरात आणू नकोस.

माझ्या वेळी मी मांजराला खोलीच्या दाराबाहेर ठेवलं होतं. ती रात्रभर दार खरवडायची. आणि त्याच दिवसांत मी उघड्या हातांनी कुंड्यांतली माती उकरत होते, तेव्हा मला कुणीच अडवलं नाही. ओल्या मातीत ऊसिस्ट वर्षभरही टिकतात, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून बागकामालाही हातमोजे घाल, भाज्या-फळं नीट धू. मांस आतपर्यंत शिजलेलंच खा. खिमा असेल तर ७१ अंश सेल्सियसपर्यंत. कच्चं मांस चिरलेली सुरी आणि पाट लगेच धुवायचा. कित्येक बायकांना लागण मांजरापेक्षा ताटातूनच होते.

डॉक्टरांना रक्ततपासणीचं विचार. त्यात आयजीजी आणि आयजीएम ही रक्तातली दोन प्रतिपिंडं, म्हणजे लागणीविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, बघतात. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलं, तर बहुधा लागण जुनी असते आणि बाळाला तिचं संरक्षणच मिळतं. नुसतं आयजीएम पॉझिटिव्ह दिसलं म्हणून मात्र घाबरू नकोस. ते कधी कधी कित्येक महिने तसंच राहतं. मग एविडिटीची, म्हणजे आयजीजी किती घट्ट चिकटतं याची, तपासणी करतात, लागण केव्हाची ते तिच्यावरून उमगतं. ताजी निघालीच तर औषधं आहेत.

रिपोर्ट आला की त्याच दिवशी कळव. आणि मनीला आज रात्री तुझ्या पायाशी झोपू दे.

तुझीच